आधी बैठक, मग कार्ड

माझं आजोळ मिरजेच्या पूर्वेला, एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे. तिथल्या विठ्ठलाच्या देवळात दर एकादशीला भजन होतं आणि पेटीवर माझे मामा असतात. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. या भजनाला चाळीस वर्षं झाली, पण त्याचं धड ध्वनिमुद्रण एकदाही झालं नव्हतं. मोबाइलवर कुणी कुणी केलेले तुकडे होते. त्यात टाळ कर्कश आणि पेटी चिरकी ऐकू यायची. टाळांचा गजर झाला की फोन आपणहून सगळा आवाज दाबायचा आणि गजर थांबला की पुन्हा वर ओढायचा. त्या वरखालीत मामांचं गाणं बुडून जायचं.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की मामांना, त्यांच्या तबलजींना आणि दोन टाळकऱ्यांना घरच्या सोप्यात बसवायचं आणि सगळं नीट मुद्रित करायचं. त्यासाठी काय घ्यावं लागेल, याचा शोध सुरू झाला आणि पहिलीच ठेच माइकचा आवाज संगणकात पोचवणाऱ्या साउंड कार्डाशी लागली. हा लेख त्या ठेचेतून आला आहे. घरात बसून गाणं मुद्रित करणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे. रियाझ ऐकून बघणारे विद्यार्थी, चाली बांधणारी मुलं, ऑनलाइन शिकवणारे गुरुजी, आजीच्या ओव्या जपू पाहणाऱ्या नाती, सगळ्यांना हाच प्रश्न पडतो: कार्ड कुठलं घेऊ?

खोक्यावरचा आकडा

मी घेतलेल्या कार्डाच्या खोक्यावर ‘४ इन, ४ आउट’ असं लिहिलं होतं. मला चार माइक लावायचे होते. एक मामांच्या गळ्यासाठी, एक पेटीसाठी आणि तबला-डग्ग्यासाठी दोन. हिशेब जुळला असं वाटलं. सोप्यात सतरंज्या अंथरून झाल्या, मंडळी बसली, तबला लागला आणि वायरी जोडताना लक्षात आलं की माइक लावता येतील अशी भोकं दोनच आहेत. मागच्या बाजूची उरलेली दोन इनपुटं ‘लाइन’ची होती. त्यांत कीबोर्ड किंवा मिक्सर चालतो, माइक चालत नाही.

माइकमधून येणारा विद्युत् संदेश फार क्षीण असतो, काही मिलिव्होल्टांचा. तो शेकडो पटींनी मोठा करणारा भाग म्हणजे प्रीअँप. प्रीअँप असेल त्याच इनपुटात माइक चालतो. म्हणून कार्ड घेताना पहिला प्रश्न ‘इनपुटं किती?’ असा विचारू नये. ‘माइकचे प्रीअँप किती?’ असं विचारावं. मोठ्या कार्डांवर तर ‘१८ इनपुटं’ असंही लिहिलेलं असतं. त्यातली आठ बहुधा ऑप्टिकल केबलमधून यायची असतात आणि त्यासाठी आठ प्रीअँपचं वेगळं यंत्र विकत घ्यावं लागतं. आकडा खरा असतो, पण तो तुमच्या बैठकीचा नसतो.

त्या दिवशी आम्ही दोनच माइकवर काम भागवलं. एक मामा आणि पेटी यांच्या मध्ये, दुसरा तबल्यासमोर. मुद्रण वाईट झालं नाही. पण पेटी गळ्यावर चढली होती आणि ती नंतर कशानेही खाली आणता येईना, कारण दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर एकजीव झाले होते. मी खोक्यावरचं वाचलं होतं, समोर बसणारी माणसं मोजली नव्हती. साउंड कार्डाबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार: आधी बैठक मोजा, मग कार्ड घ्या.

कर्ण्यापासून चिपपर्यंत

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा माइक नव्हता. गायिका कर्ण्यासमोर गायची आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. जागा मिळायची तीनेक मिनिटांची. १९२५ च्या सुमारास माइक आणि विजेवरचं मुद्रण आलं आणि हळू गाणाऱ्यालाही तबकडीत जागा मिळाली. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीतं महाराष्ट्रभर पोचली, तेव्हाही माइक, स्टुडिओ आणि तंत्रज्ञ ही संस्थांची मालमत्ता होती. गाणं माणसाचं, पण ते साठवण्याची ताकद संस्थेची, अशी वाटणी दीर्घकाळ चालली.

ती मोडायला सुरुवात झाली कॅसेटमुळे. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने चार ट्रॅकचा घरगुती कॅसेट रेकॉर्डर काढला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम अशाच यंत्रावर घरच्या खोलीत मुद्रित झालेला आहे. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं ‘साउंड ब्लास्टर’ आलं आणि संगणकाच्या पोटात बसणाऱ्या या पट्टीमुळे ‘साउंड कार्ड’ हा शब्द घराघरांत पोचला. ते आठ बिटांचं होतं, मुख्यतः खेळांसाठी. संगीतकाराच्या दृष्टीने मोठा बदल १९९७ च्या सुमारास झाला. स्टाइनबर्ग कंपनीने ‘एएसआयओ’ ही पद्धत आणली. तिच्यामुळे संगीताचं सॉफ्टवेअर विंडोजच्या लांबच्या वळणाने न जाता कार्डाशी थेट बोलू लागलं. आज कार्ड संगणकाच्या बाहेर, टेबलावर, यूएसबी वायरीच्या टोकाला असतं. दुकानात त्याला ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात. जुनी माणसं अजून साउंड कार्डच म्हणतात आणि ते चुकीचं नाही.

मग लॅपटॉपमध्ये आधीपासून असलेलं कार्ड का चालत नाही? ऐकायला चालतं. पण त्याचं माइकचं भोक हेडसेटसाठी केलेलं असतं, त्यात स्टुडिओच्या माइकला लागणारी ताकद नसते आणि आजूबाजूच्या मदरबोर्डाची किरकिर त्यात झिरपते. दोन पिनांचा चार्जर लावला की घूंऽऽ अशी गुणगुण सुरू होते आणि काढला की थांबते, हा अनुभव पुष्कळांना असेल.

तंबोऱ्याची परीक्षा

प्रीअँपची संख्या ठरली की पुढचा प्रश्न त्यांच्या गुणाचा. घरगुती वापरात साधारण दोन जातींचे माइक येतात. पहिला डायनॅमिक. शूर कंपनीचा १९६६ पासून चालत आलेला एसएम५८ आपण प्रत्येक कीर्तनात, सभेत, गणपतीच्या मांडवात पाहिलेला आहे, निदान त्याच्या नकला तरी. दुसरा कंडेन्सर. तो जास्त नाजूक, जास्त बारीक ऐकणारा. त्याला ४८ व्होल्टांची ‘फॅन्टम पॉवर’ लागते आणि ती कार्डानेच त्याच वायरीतून द्यायची असते. कंडेन्सर वापरायचा असेल तर कार्डावर ‘४८व्ही’ हे बटण आहे ना, हे आधी पाहावं.

डायनॅमिक माइकचा संदेश कंडेन्सरपेक्षा साधारण पंधरा-वीस डेसिबलनी कमी असतो. म्हणजे प्रीअँपला जास्त जोर लावावा लागतो. स्वस्त कार्डावर हा जोर, म्हणजे गेन, शेवटच्या टोकाला नेला की आवाजाबरोबर ‘सूंऽऽ’ असा सुसकाराही वर येतो. ज्यांना जवळून, खड्या आवाजात गायचं आहे त्यांना याचा त्रास होणार नाही. पण ज्यांना तंबोरा मुद्रित करायचा आहे त्यांना होईल.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याची सगळी जादू जवारीत असते. घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा जागेवर बसला की एका तारेतून सुरांची मालिका उमलते. त्यातले वरचे सूर फार हलके असतात. कार्डाचा सुसकारा नेमका त्यांच्यावरच पडदा टाकतो. म्हणून दुकानात कार्ड पाहायला गेलात तर मोठ्याने ‘हॅलो, हॅलो’ म्हणून काही कळत नाही. माइक लावा, हेडफोन घाला, गेन जवळजवळ पूर्ण वर न्या आणि गप्प बसून ऐका. मग हळू आवाजात षड्ज लावा. तो सुसकाऱ्याच्या वर स्वच्छ उभा राहिला तर प्रीअँप तुमच्या कामाचा.

गिटारवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. इलेक्ट्रिक गिटार थेट लावायची तर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं इनपुट हवं. नाहीतर तिचा वरचा पट्टा बोथट होतो.

बिटांचा मोह

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं ते ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’. यातलं किती आपल्याला लागतं?

कार्ड आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत लिहून ठेवतं. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज पुरता परत मिळतो, हे गणिताने सिद्ध आहे. माणसाचा कान उत्तम असला तरी २०,००० च्या आसपास थांबतो. म्हणून ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ गाण्याला पुरेसं आहे. १९२ वर मुद्रण केलं तर ४८ च्या चौपट जागा जाते आणि जुना लॅपटॉप दमतो. मामांच्या भजनाला त्याने काहीही मिळालं नसतं.

बिटांचं मात्र तसं नाही. प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहायचं ते बिट ठरवतात. सोळा बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात, चोवीस बिटांत एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त. एका बिटामागे साधारण सहा डेसिबलची जागा मिळते. कागदावर २४ बिटांचे १४४ डेसिबल होतात. प्रत्यक्षात चांगली कार्डं ११० ते १२० डेसिबलपर्यंत पोचतात.

याचा उपयोग तबल्याला होतो. तबल्याच्या थापेचा पहिला क्षण आपल्या कानाला वाटतो त्याहून कितीतरी उंच उडतो. डिजिटल मीटरवर शून्य ही छत असते. छताला डोकं लागलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. म्हणून सगळ्यात जोराची थाप छतापासून दहा-बारा डेसिबल खालीच राहील इतका गेन ठेवायचा. बारा डेसिबल सोडणं म्हणजे दोन बिट सोडणं. चोवीस बिटांत ही श्रीमंती परवडते. तेव्हा कार्डाची सेटिंगं दोनच ठेवा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात. चार ट्रॅकांच्या तासाभराच्या भजनाला दोन जीबी. साध्या पेनड्राइव्हवरही मावेल.

एक गोष्ट आणखी. रात्री शांत घरातही तीसेक डेसिबलची कुजबूज असते. वीतभर अंतरावरून गाणारा गळा ऐंशी-नव्वदपर्यंत जातो. म्हणजे आपल्या खोलीत मावणारा पल्लाच पन्नास-साठ डेसिबलचा. मग ११० डेसिबलचं कार्ड आणि १२० डेसिबलचं कार्ड यांतला फरक त्या खोलीत कुणाला ऐकू येणार? तो फरक पंख्याच्या घरघरीखाली गाडला जातो.

तबलजी किती लांब बसतो?

तिसरा प्रश्न उशिराचा. आवाज कार्डातून संगणकात जातो, सॉफ्टवेअरमधून फिरतो आणि हेडफोनमध्ये परत येतो. या फेरीला जो वेळ लागतो त्याला लेटन्सी म्हणतात. माझा भाचा नाशिकला खोलीत बसून एकटाच गाणी करतो. आधी ठेका, मग गिटार, मग स्वतःचा आवाज, असे थरावर थर. त्याला हा उशीर फार छळायचा. स्वतःचाच आवाज मागून येऊ लागला की लय पायाखालून सरकते.

हे समजून घ्यायला बैठकच उपयोगी पडते. आवाज एका मिलिसेकंदात साधारण चौतीस सेंटिमीटर जातो. तबलजी गायकापासून दीड मीटरवर बसतो, म्हणजे त्याचा ठेका चार-साडेचार मिलिसेकंद उशिरानेच गायकाच्या कानी पडतो. शतकानुशतकं आपण या उशिरासकट गात आलो आहोत. उशीर दहा मिलिसेकंदांवर गेला की तबलजी साडेतीन मीटर लांब सरकल्यासारखं होतं. तीसवर गेला की तो अंगणापलीकडे जाऊन बसतो.

सॉफ्टवेअरमध्ये ‘बफर’ नावाचा आकडा असतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे जाताना पावणेतीन आणि येताना पावणेतीन मिलिसेकंद, वर कार्डाचा स्वतःचा थोडा वेळ. बफर लहान केला की संगणकावर ताण येतो आणि कटकट आवाज येऊ लागतात. कोणतं कार्ड किती लहान बफर पेलतं, हे त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कंपनीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर ठरतं. आरएमईसारख्या जर्मन कंपनीच्या महागड्या कार्डांना लोक पैसे मोजतात ते मुख्यतः यासाठी. कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का आणि तो अजून अद्ययावत होतो का, हे विंडोजवाल्यांनी विचारलंच पाहिजे. मॅकमध्ये ही सोय मुळातच आहे.

नुसतं गायचं असेल तर यावर सोपा उतारा आहे. बहुतेक कार्डांवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज संगणकात न जाता कार्डातूनच हेडफोनला मिळतो. भाच्याने ते बटण शोधलं आणि नवीन कार्डाचे पैसे वाचले. आणि मामांच्या भजनात तर सगळे एकत्र बसून गातात, हेडफोन कुणाच्याच कानाला नसतो. तिथे लेटन्सी हा प्रश्नच उरत नाही. एकाच घराण्यातल्या दोघांना दोन वेगळी कार्डं योग्य ठरतात, ती अशी.

वीज, जुनी वायर आणि गोधड्या

दोन माइकची बहुतेक कार्डं लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतात. चार किंवा आठ प्रीअँपच्या कार्डाला सहसा स्वतःचा ॲडॉप्टर लागतो. गावाकडे याचा विचार आधी करायला हवा, कारण भजनाच्या मध्यावर वीज गेली तर लॅपटॉप जिवंत राहील आणि कार्ड मान टाकेल. आम्ही दुसऱ्या वेळी इन्व्हर्टरची सोय करून बसलो. घरातलं अर्थिंगही तपासून घ्यावं. आपल्याकडची ५० हर्ट्झची गुणगुण बहुतेक वेळा तिथूनच येते.

यूएसबी २ की ३, या काळजीत वेळ घालवू नये. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या चार ट्रॅकांना सेकंदाला पाच मेगाबिटसुद्धा लागत नाहीत आणि यूएसबी २ ची वाट ४८० मेगाबिटांची आहे. उलट जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या फायरवायर कार्डांपासून जपून राहावं. यंत्र उत्तम असतं, पण ते जोडायला लागणारं भोक आजच्या लॅपटॉपवर नसतं.

किमती पाच-सात हजारांपासून लाखाच्या घरात जातात. बेहरिंजर, फोकसराइट, ऑडिएंट, मोटू यांची दोन माइकची कार्डं आज अशा दर्जाची आहेत की घरगुती मुद्रण बिघडलं तर दोष सहसा कार्डाचा नसतो. तो खोलीचा असतो. गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती आणि काचेची खिडकी असलेल्या खोलीत कितीही महाग कार्ड लावा, आवाज न्हाणीघरातल्यासारखाच येणार. हातात वीस हजार असतील तर सगळे कार्डावर घालू नयेत. माइक, स्टँड, बंद कपांचा हेडफोन आणि माइकच्या चांगल्या एक्सएलआर वायरी यांचा वाटा आधी बाजूला काढावा. उरलेलं काम घरातल्या गोधड्या, गाद्या आणि पुस्तकांचं कपाट करतात, आणि ते फुकट असतं. कुकर, सोसायटीचा पंप आणि रस्त्यावरच्या रिक्षा यांची वेळ सोडून बसावं. माइक निम्म्या अंतरावर आणला की गळ्याचा आवाज सहा डेसिबलनी वाढतो आणि खोलीचा तेवढाच राहतो. हीही सुधारणा फुकटची.

दुसरी बैठक

पहिलं कार्ड मी भाच्याला दिलं. त्याला ते नेमकं बसलं. मामांसाठी चार प्रीअँपचं घेतलं आणि कार्तिकी एकादशी झाल्यावर पुन्हा सोप्यात बसलो. या वेळी भिंतींवर आजीच्या हातच्या चार गोधड्या टांगल्या होत्या. प्रत्येक माइक आपल्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट दुसऱ्या माइकपासून लांब, हा जुना नियम पाळला. पेटीचा माइक भात्याकडून काढून स्वरांच्या बाजूला वरून झुकवला, म्हणजे भात्याचा श्वास कमी आणि सूर जास्त. टाळकऱ्यांना दाराशी बसवलं. त्यांना माइक दिलाच नाही. टाळ आपले आपण चारही माइकांत पोचतात.

या कामाची घाई का, हे महाराष्ट्राला नवं सांगायला नको. हेमा राइरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. जातं घराघरांतून उठलं, पण त्या बायकांचे गळे राहिले. कागदावर शब्द राहतात. पण कोणत्या अक्षरावर श्वास घेतला आणि कुठे सूर किंचित उतरू दिला, हे आवाजातच राहतं.

संध्याकाळी मंडळी चहाला थांबली. मी मामांच्या कानाला हेडफोन लावला आणि सगळं एकत्र ऐकवलं. ते मान डोलवत राहिले. मग मी विचारलं, “मामा, एकेक वेगळं ऐकता?” आणि बाकीचे तीन ट्रॅक बंद करून फक्त डग्ग्याचा चालू ठेवला.

मामा एकदम स्थिर झाले. शेजारी त्यांचे तबलजी बशीत चहा ओतत होते. त्यांच्याकडे न बघताच मामा मला म्हणाले, “चाळीस वर्षं याच्या बाजूला बसतोय गं. डग्गा असा कधी ऐकलाच नव्हता.”

त्यांनी तो ट्रॅक शेवटपर्यंत ऐकला. डग्ग्याच्या घुमाऱ्यामागे, दोन हातांवरच्या माइकमधून झिरपलेला त्यांचा स्वतःचा आवाज होता, अगदी हळू. तबलजींना चाळीस वर्षं येत असेल तसाच. मामांनी हेडफोन काढला, तबलजींच्या कानांवर ठेवला आणि म्हणाले, “दुसरं कडवं मी पळवलं बघ. पुढच्या एकादशीला परत बसू.”